निळ्या मलमलीमागचा उजेड

भाद्रपद लागला की मला राळेचा वास येतो. गणपती बसायला अजून अवकाश असतो, बाजारात मूर्ती प्लास्टिकखाली झाकलेल्या असतात, पाऊस येतो-जातो करत असतो. आणि घरात काही शिजत नसताना, काही जळत नसताना तो वास उठतो. सोल्डरिंगचं तापलेलं टोक राळेत बुडवलं की 'चर्र' होऊन निळसर धूर निघतो ना, त्याचा. या दिवसांत बायकांना केवड्याचा वास यावा, मोदकाच्या उकडीचा यावा. मला राळेचा येतो. आणि त्याच्या मागोमाग, बोट धरून आल्यासारखी, लाज येते.

लाज म्हणजे नेमकं काय, हे मी पुष्कळदा शोधून पाहिलंय. पाप केल्यासारखं वाटत नाही. कोणाचं काही बुडवलेलंही नाही. पण कानाच्या पाळ्या गरम होतात, आणि आता मी इंदूरबाहेर राऊकडच्या इमारतीत ज्या चौथ्या मजल्यावर राहते तिथल्या गॅलरीत, एकटी असले तरी, हात आपोआप पदराकडे जातो.

कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक टॉर्च आहे. पितळेची. वर चंदेरी मुलामा होता, तो मुठीच्या जागी उडालाय आणि आतलं पिवळं दिसतं. मध्यावर एक जाड सांधा आहे, मोडलेलं हाड बसवल्यासारखा. तो सांधा माझ्या सासऱ्यांच्या हातचा, आणि आतलं सगळं माझ्या हातचं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. मिलमधले हिंदी-माळवी बोलणारे लोकही अण्णाजीच म्हणत. ते मिलच्या बिजली खात्यात फोरमन होते. बिजली खातं म्हणजे जिथून सगळ्या मागांना, पंख्यांना, दिव्यांना वीज जायची ती जागा. त्यांच्या आजोबांनी कोकण सोडलं आणि ते मिलबरोबर इंदूरचे झाले. पण सून आणायची तर तिकडचीच, असा घराचा हट्ट. म्हणून मी आले. खाडीकाठच्या गावातून, सातवी झालेली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि आई अंथरुणाला खिळली होती. बाबा म्हणाले, "बाय, या वर्षी राहूं दे." ते वर्ष मग संपलंच नाही.

लग्न ठरताना मला सगळ्यात जास्त भीती शिक्षणाची वाटत होती. इंदूरचे लोक, मिलचं क्वार्टर, घरात रोज वर्तमानपत्र येतं. विचारतील तेव्हा काय सांगू? अण्णांनी विचारलंच नाही. त्यांनी माझे हात बघितले. मी चहा घेऊन आले तेव्हा कपबशा वाजल्या नाहीत एवढंच त्यांनी पाहिलं म्हणे. मी बाबांबरोबर जाळी विणायची. बारीक गाठीला हात हलला तर गाठ चुकते, म्हणून सवय. "सूनबाईचा हात स्थिर आहे," ते सासूबाईंना म्हणाले. मला कोणीतरी कशात तरी पास केलं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मी आले तेव्हा मिलचा भोंगा वाजत होता. सकाळचा भोंगा वाजला की क्वार्टरच्या भिंतीतली पालसुद्धा जागी होते, असं सासूबाई म्हणायच्या. मग रात्रपाळी गेली. मग कँटीनची चूल गेली. मग एका हिवाळ्यात फाटकाला साखळी लागली आणि भोंग्याच्या वेळेला सगळी वस्ती नुसतीच जागी होऊन अंथरुणात पडून राहू लागली. बाहेर मात्र शहर नवं नवं होत होतं. दुकानांच्या काचा मोठ्या झाल्या. रंगीत टीव्हीचे खोके रिक्षांवरून जाऊ लागले. प्लास्टिकच्या लाल-पिवळ्या टॉर्चा आल्या, दिसायला मिठाईसारख्या. लोक म्हणायचे, देश खुला झाला भिया. आमचे हे पिथमपूरला एका नव्या कारखान्यात रोजंदारीवर लागले. पाळी बदलायची तशी त्यांची भूक-झोप बदलायची. आणि अण्णा, चष्मा डोक्यामागे दोऱ्याने बांधून, घरी बसून लोकांच्या इस्त्र्या, पंखे, टॉर्चा दुरुस्त करू लागले.

त्यांनी मला शेजारी बसवलं. आधी धरायला लावलं, मग सोल्डरिंगचा डाग द्यायला. मी प्रत्येक डागापाशी विचारायची, "अण्णा, जळणार तर नाही ना?"

"जळलं तर धूर येईल बेटा."

"आणि धूर आला तर?"

"तर कळेल ना, जळलं म्हणून."

अशा माणसापुढे किती वेळ घाबरणार?

*

इंदूरबाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी, कारण मलाही ती इथे येऊन कळली. आमच्या कोकणात गणपती ओल्या पायवाटेने खाडीकडे जातो. इंदूरला अनंत चतुर्दशीला तो मिलच्या मजुरांच्या झाँक्यांसोबत जातो. झाँकी म्हणजे चालता देखावा. गाडीवर मोठमोठ्या मूर्ती, पुराणातला एखादा प्रसंग, आणि त्यातलं काही ना काही हलणारं: हत्तीची सोंड, चक्र, पाणी. एकेका मिलची एकेक झाँकी. शहर रस्त्यावर उतरून बसतं. कापड कोणाचं चांगलं यावर जेवढी चुरस नसे तेवढी झाँकी कोणाची चांगली यावर.

मिलला कुलूप लागलं तरी झाँकी निघाली पाहिजे, हे मजुरांनी ठरवलं. इतकी वर्षं मिल देत होती. आता चंदा मागायचा. अण्णाही निघाले. पण ओळखीच्या गल्ल्या सोडून, पार दुसऱ्या टोकाला, जिथे कोणी 'अण्णाजी' म्हणणार नाही. घरी आले की आधी चेहऱ्यावर पाणी मारायचे, बराच वेळ. चंद्याचा डबा घेऊन फिरण्याची लाज पाण्याने जात नाही. मला तेव्हा ते कळायचं, आणि आपल्याला कळतंय हे त्यांना कळू नये म्हणून मी टॉवेल दाराच्या कडीला अडकवून आत निघून जायची.

प्रसंग ठरला तो वसुदेवाचा. डोक्यावर टोपली, टोपलीत बालकृष्ण, खाली यमुना. यमुना निळ्या मलमलीची: मिलच्या शेवटच्या शेवटच्या ताग्यांतली, कामगारांनी जपून ठेवलेली. कापडाखाली वाकड्या दांड्या, त्या फिरल्या की लाटा.

अण्णांच्या वाट्याला उजेड आला. मिलचा जनरेटर कुलपाआड. मोठे दिवे कुलपाआड. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर थोडेसे बल्ब लागणार होते, तेही गाडी थांबली की डोळे मिचकावणारे. बाळाच्या तोंडावर मात्र स्वतंत्र उजेड हवा, असं अण्णांच्या मनात बसलं.

साधी टॉर्च कशी असते आठवून बघा. नवे सेल घातले की पहिल्या दिवशी डोळे दिपतात. मग ती रोज थोडी थोडी पिवळी होत जाते, आणि शेवटी हळदीच्या पाण्यासारखा उजेड उरतो. अण्णांना ते नको होतं. "मिलच्या फाटकावर बाळाचं तोंड जेवढं उजळ, तेवढंच राजवाड्याजवळ उजळ पाहिजे. रास्ते में भगवान पीले नहीं पड़ने चाहिए, सूनबाई."

त्यासाठी त्यांनी स्वतःची टॉर्च काढली. मिलनेच दिलेली, बरीच वर्षं न चुकता काम केल्याबद्दल. हार घालून, टाळ्या वाजवून दिलेली. ती ते कोणाला हात लावू देत नसत. आता तीच शिकंज्यात धरून त्यांनी मध्यावर हॅकसॉ लावली, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, ती नका कापू! दुसरी घ्या ना एखादी!"

"दुसरीत पितळ नाही," अण्णा म्हणाले. आणि कापली.

लांबी वाढवायला सियागंज बाजारातून तशाच एका जुन्या टॉर्चची नळी आणली. भंगारवाल्याकडून चार्जिंगचे जड सेल आणले, कोणत्या तरी सरकारी यंत्रातून निघालेले. जाड तारेचा, गॅस भरलेला छोटा बल्ब आणला. त्याला ठरल्यापेक्षा किंचित जास्त विजेचा दाब दिला की तार पिवळी न जळता पांढरी जळते. आयुष्य कमी होतं, पण काय जळते! आणि मधे बसवायचं ते खरं काम माझ्याकडे दिलं. एक मोठा ट्रान्झिस्टर, दाब ठरावीक ठेवणारा बारीकसा झेनर, थोड्या पट्ट्या, एक फिरवायचा स्क्रू.

त्या जोडणीचं काम काय, ते अण्णांनी मला ज्या शब्दांत सांगितलं ते मी विसरणार नाही. सेल ताजे असले की जोर जास्त येतो. तो वाटेतच अडवायचा आणि बल्बला ठरलेलं तेवढंच द्यायचं. सेल दमले तरी तेवढंच. मागे किती उरलंय हे बल्बला शेवटपर्यंत कळता कामा नये.

"आणि ते जास्तीचं जातं कुठे?" मी विचारलं.

"ह्याच्या अंगात." त्यांनी ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं. "हा तापतो. म्हणून ह्याला नळीला आतून चिकटवायचा, मधे अभ्रकाचा पापुद्रा घालून. नळी गरम होते, हा वाचतो."

आजही ती टॉर्च थोडा वेळ लावली की मुठीत उबदार लागते. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तशी.

*

त्याच दिवसांत बाबा येणार असल्याचा निरोप आला. लग्नानंतर पहिल्यांदाच. मला आनंद व्हायच्या आधी घाम फुटला.

तिकडे कोणाला मिलचं सांगितलेलं नव्हतं. मुलगी इतक्या लांब दिली, ती मिलच्या भरवशावर. बाबांना कळलं असतं तर ते काही बोलले नसते. नुसते परत जाऊन पडवीत बसून राहिले असते. सासूबाई म्हणाल्या, "व्याह्यांना काही बोलायचं नाही हं. चार दिवसांसाठी येतायत." अण्णा म्हणाले, "सांगू नंतर. या खेपेला नको."

बाबा आले. पिशवीत नारळ, आमसुलं, सुकट असा सगळा खाडीचा वास घेऊन. अण्णा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन 'मिलला' जाऊ लागले. खरं तर ते झाँकीच्या मांडवात जात. मी डब्यात पोळ्या भरायची आणि माझ्याच्याने डब्याचं झाकण नीट लागत नसे. हात स्थिर म्हणून पास झालेली मी.

एका सकाळी बाबांनी विचारलं, "बाय, भोंगा नाय गो वाजत? लग्नाच्या टायमाला वाजलेला."

"आता वाजवत नाहीत बाबा. लोकांची झोप मोडते म्हणून."

"बरं केलं," बाबा म्हणाले. "झोप मोडू नये कोणाची."

ते पहाटे उठून एकटेच फिरून यायचे. परत आले की मी त्यांच्या धोतराला अडकलेली कुसळं काढून टाकायची. शहरातल्या रस्त्यावर कुसळं कुठून येतात, हा विचार मला तेव्हा शिवलाच नाही. कंबरेएवढं गवत माजलेली एकच जागा तिथे होती, आणि तिच्या फाटकाला साखळी होती. हे मला फार उशिरा, एकदा गव्हातले खडे निवडत असताना, एकदम कळलं.

टॉर्च जुळली त्या दिवशी दुपारी मांडवातून मधेच घरी येऊन अण्णांनी खिडकीला चादर लावून खोलीत काळोख केला. बाबा फिरायला गेले होते. मी कळ सरकवली.

भिंतीवर चंद्र आला. खरंच दुसरा शब्द नाही. पांढरा, गोल, कडा धारदार. भिंतीतले पोपडे, पालीची जुनी वाट, खिळ्याची भोकं सगळं उघडं पडलं. सासूबाईंनी हात जोडले. अण्णांनी स्क्रू किंचित इकडे-तिकडे केला, मीटरच्या काट्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. "ए वन," ते म्हणाले. "एकदम ए वन काम केलंस."

आम्ही ती भिंतीवर पाहिली. सगळी चूक एवढीच. भिंत आणि टॉर्च यांच्यामध्ये काही नव्हतं. कापड नव्हतं. माणसं नव्हती.

*

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी अण्णा पांढरा कुडता घालून निघाले. गळ्यात केशरी पट्टा, मी स्वतः इस्त्री केलेला. बिजली खात्याचे फोरमन दर वर्षी झाँकीच्या पुढे, कमिटीबरोबर चालत. "व्याही," ते दारातून बाबांना म्हणाले, "मी पुढे असेन. गर्दीत दिसलो तर ठीक, नाहीतर घरी भेटूच."

ह्यांची पाळी होती, म्हणून दिवेलागणीला मी, सासूबाई आणि बाबा मिलच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. बाबांना उशिरापर्यंत जागवत नाही म्हणून सुरुवातीलाच बघून परतायचं ठरलं होतं. भुट्ट्याच्या किसाचा वास, पिपाण्या, खांद्यांवरची पोरं. पुढच्या झाँक्या गेल्या. मग आमची आली.

आधी ढोल. मग कमिटीची माणसं, केशरी पट्टे. मी त्यांत अण्णांना शोधत होते. मग ट्रॅक्टर, आणि अंधारात डोलत आलेला वसुदेव. त्याच्या डोक्यावरच्या टोपलीत बाळाचं तोंड असं उजळलेलं, की माझ्या शेजारच्या बाईने 'अरे म्हारा राम' म्हणून कानशिलांवर बोटं मोडली. माझा उजेड. माझ्या हाताने डाग दिलेला. मला रडू येईल असं वाटलं.

आणि मग नजर खाली गेली.

दर वर्षी समोरून मोठे दिवे असत. समोरून उजेड पडला की पातळ कापडसुद्धा भिंतीसारखं दिसतं. मागे काय आहे ते कळत नाही. या वर्षी समोर काळोख, आणि मागून, गाडीच्या तळाशी ठेवलेली, बाळाकडे तोंड करून लावलेली आमची टॉर्च. तिचा मधला झोत वर जात होता, पण बाजूला सांडणारा उजेडही एवढा होता की मलमल काचेसारखी झाली. यमुनेच्या पोटात माणसं दिसत होती. काळ्या, स्पष्ट सावल्या. उकिडवे बसलेले, बनियनमधले, दोन्ही हातांनी दांड्या फिरवणारे. मिलची मोटर मिलमध्येच होती. तरणी पोरं पोट भरायला निघून गेली होती. लाटा उरलेल्या म्हाताऱ्यांच्या हातांवर चालल्या होत्या.

त्यांतल्या एका सावलीच्या डोक्यामागे दोऱ्याची गाठ होती. चष्मा घसरू नये म्हणून बांधलेल्या दोऱ्याची. मान थोडी उजवीकडे कललेली. ती गाठ मी रोज सकाळी बघत होते.

"अरे देखो रे, नीचे वाले दिख रिये हैं!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"काका, जोर लगाओ! जमना जी सूख री हैं!"

"ओ चश्मे वाले काका! पानी लाऊँ क्या, कि नदी में बैठे हो तो वहीं पी लोगे?"

पुढची झाँकी अडली म्हणून आमची थांबली. अगदी आमच्यासमोर. ट्रॅक्टर थांबला, ढोल थांबला. आता ते आवाज आतपर्यंत जात असणार. मला वाटलं, आता दांड्या थांबतील. सावल्या आडव्या होतील, लपतील. एक सावली खरंच थांबली. चष्म्याच्या दोऱ्याची सावली तिच्याकडे वळली, काहीतरी बोलली असावी. आणि पुन्हा फिरवू लागली. तीही फिरवू लागली. लाटा थांबल्या नाहीत. रस्ता अडलेला, गाडी उभी, आणि यमुना मात्र वाहत होती.

गर्दीतून एक म्हातारा आवाज आला, हसण्यातला नव्हे: "अरे, ये तो बिजली खाते वाले अण्णाजी हैं।"

मी पदर तोंडावर ओढला. उजेड माझ्या तोंडावर नव्हताच. तरी ओढला. मनात एकच: मंद हो. साध्या टॉर्चसारखी पिवळी पड, हळदीच्या पाण्यासारखी हो, विझ. पण ती कशी होणार? ती दमलेली दिसू नये अशीच तर मी बांधली होती. ती जळत राहिली, पहिल्या क्षणाला होती तेवढीच, ना कमी ना जास्त.

बाबांना हिंदी येत नाही. पण सावलीला भाषा लागत नाही. मी पदराच्या फटीतून त्यांच्याकडे पाहिलं. ते बाळाकडे बघत नव्हते. ते लाटांकडे बघत होते. खाडीकाठचा माणूस भरतीकडे बघतो तसे, डोळे बारीक करून.

गाडी हलली. गेली. बाबा म्हणाले, "केवढा उजेड गो बाय." आणि मग, "व्याही पुढं असतील, नाय? गर्दीत दिसले नाय."

"हो," मी म्हटलं. "पुढे असतील."

सासूबाईंनी माझा हात धरला होता. घरी येईपर्यंत सोडला नाही.

*

आताच्या टॉर्चा मी बघते. नखाएवढा दिवा, आणि उजेड असा की झाडावरचं घरटं मोजावं. सगळ्यांत आतून काही ना काही बसवलेलंच असतं. शेवटपर्यंत सारख्या जळतात आणि मग एकदम जातात. कोणाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. पूर्वीची टॉर्च आधी सांगायची, की बाई गं, माझं संपत आलंय. पिवळी व्हायची, माणूस सावध व्हायचा, सेल उन्हात ठेवायचा. जी सांगत नाही तिच्या बाबतीत तुम्ही काय करणार?

आमच्या घराचं तसंच होतं. मिल बंद झाल्यापासून माझ्या ताटात काही कमी पडलं नव्हतं. माझ्या बोलण्यातला कोकणी हेल ऐकून कोणी हसलं नव्हतं. माहेरच्या माणसासाठी शर्टाला रोज इस्त्री होत होती. मागे किती उरलंय हे मला कळता कामा नये, अशी कोणीतरी व्यवस्था केली होती, आणि ते जास्तीचं तापणं कोणाच्या तरी अंगात जात होतं. मी ट्रान्झिस्टरला अभ्रक लावत बसले होते आणि शेजारी बसलेला माणूस मला दिसला नव्हता. उजेड पडला तेव्हा दिसला. आणि तेव्हा मी पदर ओढून घेतला. कृतज्ञता आणि लाज या दोन वेगळ्या गोष्टी असतात असं शिकलेले लोक म्हणतात. असतील. माझ्याकडे त्या एकाच तारेने जोडलेल्या आहेत. एक लावली की दुसरी पेटते.

*

दुसऱ्या दिवशी अण्णा उशिरा उठले. त्याच दिवशी बाबा निघणार होते. सासूबाई आत पोहे करत होत्या. मी दोघांना चहा दिला. अण्णांनी कप दोन्ही तळव्यांनी धरला नाही, बोटांच्या टोकांनी धरला, आणि मांडीवर टॉवेल घेतला होता त्याखाली दुसरा हात ठेवला. तळव्यांना फोड आलेले मला दिसले. बाबांनाही दिसले असणार. जाळी ओढणाऱ्याला फोड ओळखायला जवळ जावं लागत नाही.

मला वाटलं, आता विषय निघणार. आता बाबा विचारणार, किंवा अण्णा सांगणार, आणि काहीतरी तुटणार.

अण्णांनीच खाकरून विचारलं, "मग, कशी वाटली झाँकी?"

बाबांनी कप खाली ठेवला. "काय सांगू व्याही. त्या लाटा! आमच्या खाडीला भरती लागते ना, तशा. पाणी बघण्यात जल्म गेला माझा, पण कापडाचं पाणी असं बघितलं नव्हतं." मग थांबून, टॉवेलकडे न बघता म्हणाले, "मोटार चांगली हाय तुमची."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. डोळे मिटून उघडले.

"जुनी आहे," ते म्हणाले. "पण आहे."

"जुनीच चांगली. मधे थांबली नाय."

"नाही," अण्णा म्हणाले. "थांबवली नाही."

मी दाराला टेकून उभी होते. मला वाटलं, संपलं; आता मी आत जावं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता, "आणि उजेड पाहिलात ना? तो तुमच्या लेकीचा."

"हिचा?"

"पूर्ण. आतला एकूणएक डाग हिचा. मी फक्त नळी कापली." आणि मग मला, "सूनबाई, आण बेटा. दाखव बाबांना."

ज्या उजेडाने त्यांना साऱ्या रस्त्यासमोर उघडं पाडलं, तोच ते माझ्या बापापुढे माझ्या नावाने मिरवत होते. मी टॉर्च आणली. बाबांनी ती हातात घेतली, सांध्यावरून अंगठा फिरवला, जाळ्याची गाठ तपासतात तसा. मान वर केली नाही.

"सातवीनंतर काढली मी हिला शाळेतून," ते टॉर्चलाच म्हणाले.

बाबांनी टॉर्च माझ्या हातात परत दिली. "लाव गो."

खोलीत सकाळचं ऊन होतं. मी कळ सरकवली. समोरच्या भिंतीवर, उन्हातसुद्धा, तो पांढरा गोल उमटला: पोपडे, खिळ्याची भोकं, सगळं. आम्ही तिघं त्या गोलाकडे बघत राहिलो. एकमेकांकडे बघावं लागू नये म्हणून. मी वाट बघत होते, आता तरी जरा मंद होईल. नळी हातात तापत गेली, आणि उजेड होता तेवढाच राहिला.

"दिवसाढवळ्या काय टॉर्च लावून बसलात तिघं?" सासूबाई आतून ओरडल्या. "या इकडे! पोहे ठंडे हो रहे हैं."